उस्तादाच्या पुढे

डिसेंबरात साताऱ्याची सकाळ पश्चिमेकडून सुरू होते. सूर्य जरंड्याच्या डोंगरामागून अजून वर येत असतो, शहर धुक्याच्या पातळ थराखाली निळसर पडून असते, आणि तेवढ्यात पलीकडे यवतेश्वरच्या पठाराची कड कच्च्या हळदीसारखी पिवळी होते. पहिल्यांदा ती नुसती रेघ असते. मग ती रुंदावते, डोंगराची एकेक घडी उलगडत खाली उतरते. घाटरस्त्याची वळणे वरून खाली अशी उजळत जातात, जणू कोणी तो रस्ता सावकाश वाचत आहे. त्यानंतर अजिंक्यताऱ्याचा उतार येतो, त्यावरचा मनोरा येतो, मग घरांवरच्या काळ्या टाक्या, दोरीवर विसरलेल्या चादरी, बंद दुकानांच्या पत्र्यांवरचे दव. माजी सैनिकांच्या या वसाहतीत ऊन सगळ्यांत शेवटी पोचते, कारण पूर्वेला चिंचांची जुनी रांग आहे. पोचल्यावरही ते घाई करीत नाही. आधी कुंपणाच्या जाळीत अडकते, नंतर अंगणातल्या फरशीवर चौकोन चौकोन पडते, आणि उंबऱ्यापाशी काही वेळ थांबून मग आत येते.

अमृत गच्चीच्या कठड्याला टेकून ते पाहत होता. तेविसाव्या वर्षीही त्याला माणसांपेक्षा उन्हाजवळ बरे वाटे. ऊन काही विचारत नसे. आज रविवार, म्हणून मैदानाला सुट्टी होती. एरवी या वेळी तो वडिलांच्या सैन्यभरती अकादमीच्या पोरांबरोबर धावत असे. ती पोरे वडिलांना उस्ताद म्हणत. खाली फाटकाशी काकाची पांढरी गाडी थांबली, तेव्हा त्याच्या हातातला चहा थंड झाला होता. गाडीतून आधी तानाजीकाका उतरले, मग प्रांजलताई. तिने डोक्यावरची टोपी काढून पिशवीत कोंबली आणि वर न पाहताच हात हलवला. तो वर उभा असणार हे तिला ठाऊक होते.

खाली वडिलांचा, बिरदेवाचा, आवाज आला, आणि अमृतला जिना उतरावासा वाटेना.

*

"आलं का सांगलीकर!" बिरदेव अंगणात आला. "कुपवाडचं वर्कशॉप सोडून सातारा गाठलं. काय लेथ मशीन बंद पडलं का काय?"

"मशीन चालू हाय, दादा. मालक बंद पडायच्या आधी म्हनलं भावाला भेटून यावं."

आत आल्यावर बिरदेव म्हणाला, "खुर्चीवर जपून बस. प्लास्टिकची हाय."

"म्हणून तर दिवाणावर बसतोय," तानाजी म्हणाला आणि दिवाण करकरला.

धोंडुबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला हसू आले. तिचे हे दोन मुलगे समोरासमोर बसले की जणू वेगवेगळ्या घरचे वाटत. बिरदेव बावन्नाव्या वर्षीही ताठ, पोट सपाट, दंडाची शीर ठसठशीत. धाकटा तानाजी रुंद, मऊ, खिशात गोळ्यांची डबी बाळगणारा. तीन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत बिरदेवाने त्याच्या पानातली जिलबी सगळ्यांदेखत उचलून घेतली होती. "साकर झालीया त्याला, वाढू नका," असे म्हणून. तेव्हापासून तानाजी या घरी आला नव्हता. आज तो का आला, हे घरात फक्त बिरदेवाच्या बायकोला, शालूला, माहीत होते. कारण काल संध्याकाळी तिनेच त्याला फोन केला होता.

शालू पोह्यांच्या बश्या घेऊन आली. नवऱ्याकडे तिने पाहिले नाही. गेले वर्षभर ती एक गोष्ट पाहत होती आणि बोलत नव्हती: भाजी मंडईतून परतताना चढावर तो मध्येच वाकून बुटाची नाडी बांधी. नाडी सुटलेली नसे.

"भावजी, च्यात साखर न्हाई घातली," ती म्हणाली.

"मला दोन चमचे घाल," बिरदेव लगेच म्हणाला.

प्रांजलने बशी बाजूला ठेवली. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात ती मेडिसिनची पदव्युत्तर विद्यार्थिनी होती. एकाच घराच्या तीन पिढ्यांत साखर आणि हृदयाचे आजार कसे उतरतात, यावर तिच्या सरांचे संशोधन चालू होते. त्यासाठी पंधरवड्यापूर्वी तिने सगळ्या घराला तिकडे नेले होते; रक्त घेतले, छातीला तारा लावल्या, सोनोग्राफीच्या यंत्रावर हृदये पाहिली. घरच्यांना ती सहलच वाटली होती.

"आप्पा, काल तुम्ही फोन ठेवलात," ती बिरदेवाला म्हणाली.

"रेंज गेली."

"रेंज जायच्या आधी 'फालतू' म्हणालात, ते ऐकू आलं."

धोंडुबाई पदर तोंडाला लावून हसली. प्रांजल हसली नाही. "आपण आतल्या खोलीत बोलू या. तुमचा रिपोर्ट तुमचा आहे. सगळ्यांसमोर सांगायचा नसतो."

"मी काय गुन्हा केलाय व्हय? हितंच सांग. आई हाय, भाऊ हाय, बायको हाय. अमृत, खाली ये रं! तुजी ताई निकाल सांगतीया."

अमृत आला आणि दारातच उभा राहिला.

"तुम्हाला मधुमेह आहे, आप्पा. आणि तो आजचा नाही, बऱ्याच वर्षांचा असावा."

बिरदेव मोठ्याने हसला. "आन त्या दिशीची उपाशीपोटीची साकर? ती बघितलीस का? जवळजवळ नॉर्मल! माझ्यासमोर त्या पोरीनं वाचली."

"वाचली. कारण तुम्ही चार दिवस तयारी केली होती."

ते खरे होते, आणि त्यात लपवण्यासारखे काही आहे असे बिरदेवाला वाटत नव्हते. पलटणीत दर वर्षी मेडिकल असे. मेडिकलच्या आधी शहाणा जवान गोड सोडी, रात्रीचे जेवण निम्मे करी, सकाळी दुप्पट धावे. तब्येतीची कॅटेगरी घसरली तर बढती अडते, म्हणून सगळेच तयारी करीत. बूट चमकवण्यासारखीच ती गोष्ट होती. निवृत्त होऊनही त्याचे अंग ते विसरले नव्हते. मिरजेला जाण्याआधी त्याने साऱ्या घराला ज्वारीची भाकरी, मेथी आणि पाणीदार ताक यांवर ठेवले होते.

"मी न्हाई केली तयारी," तानाजी म्हणाला. "मी तर आदल्या दिशी बासुंदी खाल्ली."

"म्हणून तुमचा रिपोर्ट खरा आला, पप्पा. वाईट आला, पण खरा आला." प्रांजल पुन्हा बिरदेवाकडे वळली. "आप्पा, उपाशीपोटीची साखर चार दिवसांत खाली आणता येते. पण दुसरी एक चाचणी आहे, ती तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिला तयारी करून फसवता येत नाही."

"बरं. हाय साकर. हिकडं निम्म्या कॉलनीला हाय. गोळी घेतो. झालं?"

"नाही झालं." तिने क्षणभर हातातल्या हातात बोटे गुंफली. ती आता पुतणी राहिली नव्हती, असे शालूला वाटले. आवाज तोच, पण मध्ये डॉक्टरच्या कोटासारखे काहीतरी पांढरे आणि स्वच्छ येऊन बसले होते. "तुमच्या हृदयाच्या खालच्या भिंतीवर जुनी खूण आहे. तेवढा भाग नीट हलत नाही. तुम्हाला कधीतरी झटका येऊन गेलाय."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"मला ठावं न्हाई आन तुला ठावं?"

"साखर बरीच वर्षं राहिली की नसा बधिर होतात. दुसऱ्या माणसाला छातीत कळ येईल, घाम फुटेल, तो दवाखान्यात धावेल. साखरेच्या माणसाला कधीकधी नुसती धाप लागते, नाहीतर पित्त झाल्यासारखं वाटतं. तो सोडा पितो आणि कामाला जातो. सरांनी उद्या सकाळची वेळ घेतली आहे. अँजिओग्राफी. आज आमच्याबरोबर चला."

"मंगळवारी काय हाय?" बिरदेवाने विचारले. "अमृत, सांग तुज्या ताईला."

"विजय दिवस," अमृत पुटपुटला.

"विजय दिवस. एकाहत्तरची लढाई जिंकली त्यो दिस. अकादमीची पोरं त्या दिशी यवतेश्वरचा घाट पळत चढत्यात. त्यांच्या फुडं मी असतो. अकादमी काढल्यापास्नं एक साल चुकलं न्हाई. बुधवारी बघू."

"तो घाट चढायचा नाही, आप्पा. कदाचित काही होणार नाही. कदाचित वाटेतच होईल, आणि या वेळीही कळ येणार नाही."

*

धोंडुबाई आता पुढे सरकली. तिला यंत्राचे कळत नव्हते, पण थोरल्याच्या बाजूने बोलायचे एवढे तिच्या अंगवळणी पडले होते.

"पोरी, तुजं यंत्र चुकलं असंल. साकर जाड्या मान्साला हुती. तान्याला झाली, ती खाऊन खाऊन. माजा बिरू बग की, लोखंडाची कांब हाय. त्याला कशापायी हुईल?"

"घे!" तानाजी म्हणाला. "आमी कांब न्हाई, आमी भंगार."

"तू गप रं."

"आज्जी, यंत्र चुकलं नाही. आपल्याकडं बारीक माणसांनाही होते, लवकर होते. बाहेरून बारीक दिसतात, पण आत, आतड्यांभोवती, यकृतात चरबी असते." प्रांजल थांबली. पुढचे बोलावे की नाही, याचा ती विचार करीत होती. आणि तिने बोलायचे ठरवले, कारण महाविद्यालयात हा मुद्दा तिने अनेकदा मांडला होता आणि तो तिला कधी कोणाच्या घरचा वाटला नव्हता. "जगात बऱ्याच ठिकाणी लोकांनी पाहिलंय, की आई गरोदर असताना उपाशी राहिली असेल, दुष्काळ असेल, तर त्या मुलाला पन्नाशीत साखर आणि हृदयाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. पोटातलं बाळ थोडक्यात जगायला शिकतं. पुढं खायला मिळायला लागलं की त्याच्या शरीराला ते झेपत नाही. आप्पा बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या पोटात होते ना?"



"बास," बिरदेव उठला. "बास झालं. माज्या घरात बसून माज्या आईला बोल लावतीस? तिनं उपाशी ठेवलं मला? सगळ्या पोरांना विचार जा मैदानावर, मी काय सांगतो त्यांना. बिरू हवालदार मेंढीच्या दुधावर वाढलाय म्हनून सांगतो! तान्या, उठीव तुज्या लेकीला."

"दादा, ती बोल लावत न्हाई."

"मग काय लावतीया?"

"मी शक्यता म्हणाले, आप्पा. दोष नाही."

"आवं, बसा," शालू म्हणाली. "खाली बसा, मी म्हनते."

लग्न होऊन सत्तावीस वर्षांत ती त्याला असे म्हणाली नव्हती. तो तिच्याकडे पाहू लागला. मग तिच्यावरून त्याची नजर तानाजीकडे गेली, आणि आजची ही भेट कोणी जुळवली ते त्याला उमगले. "असं व्हय," तो म्हणाला. "म्हंजे फितुरी घरातच हाय."

"व्हय. हाय फितूर," शालू म्हणाली. "काय करायचं ते करा."

*

धोंडुबाईला सगळे समजत होते: पोरगा आपल्यासाठी चिडला आहे, नात घाबरली आहे, आणि आता आपण रडू असे सगळ्यांना वाटते आहे. तिला रडू येत नव्हते. तिला नवल वाटत होते. त्या सालाबद्दल आजवर कोणी तिला काही विचारले नव्हते. नवरा असताना त्यानेही नाही. ते साल संपले तसे सगळ्यांनी ते झटकून टाकले होते, आणि आज मिरजेच्या कुठल्याशा यंत्राला ते तिच्या पोराच्या छातीत सापडले होते.

"खरं बोलतीया पोरगी," ती म्हणाली.

"आई..."

"बस खाली. तुला ठावं न्हाई, मला ठावं हाय. आटपाडीच्या अंगाला तवा हिरवं पान ऱ्हायलं न्हवतं. तुजा बा मेंढरं घिऊन कोकणाच्या बाजूला गेल्याला, निम्मी वाटंतच पडली. मी पाजर तलावाच्या कामावर खडी फोडायची. तू पोटात. सरकार सुकडी द्यायचं खायला, ती मी वटीत बांदून घरी आणायची तुज्या अक्कासाठी. ती चार सालाची. ती खायची, मी बगायची. मग पानी प्यायचं आन पडायचं."

"आन दूध?" बिरदेवाने विचारले. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

"कुटलं दूध? मेंढरंच न्हवती. तू झालास तवा हाताच्या पंज्यायवढा. सुईण म्हनली, ह्याला बाजूला ठिवा, जगायचा न्हाई. म्या न्हाई ठिवला."

"मग मला तू..."

"शाळंतनं रडत आल्तास. पोरं तुला काडी म्हनायची. तवा सांगितलं, तुला मेंढीचं दूध पाजलंय, तू मोटा झालास की सगळ्यांना लोळीवशील. तू ते धरून बसलास. बरं झालं की. मोटा झालास." तिने पदराने कपाळ पुसले. "आता पोरगी बोलती तसं कर. मला बोल लागत न्हाई. मी उपाशी हुते, त्यात माजी काय लाज हाय?"

प्रांजल उठून आजीजवळ जाऊन बसली. "आज्जी, हे म्हणजे नशीब नव्हे हं. नुसती जोखीम असते. आता चांगली औषधं आहेत. साखरेसाठी काढलेल्या काही नव्या गोळ्या हृदयालाही जपतात, मूत्रपिंडालाही, असं गेल्या काही वर्षांत दिसून आलंय. आप्पा चांगली वीस-पंचवीस वर्षं काढतील. फक्त आत्ता आलं पाहिजे."

"आन ती बारीक व्हायची सुई असती म्हनं, ती मला दे की," तानाजी म्हणाला.

"आधी बासुंदी सोडा, पप्पा."

शालू हसली, धोंडुबाई हसली. बिरदेव हसला नाही, पण बसला. तानाजीला वाटले, संपले, दादा निघेल. त्याने खिशातून गाडीची किल्लीही काढली.

*

बिरदेवाच्या मनात मात्र वेगळेच चालले होते. आईचे बोलणे त्याने नाकारले नव्हते. उलट ते त्याच्या आत खोलवर जाऊन बसले होते, आणि म्हणूनच त्याला मंगळवार अधिक हवा होता. पंज्याएवढे ते पोर, ज्याला सुईण बाजूला ठेवणार होती, ते सगळ्यांच्या पुढे घाट चढते. याहून मोठा पुरावा कोणत्या यंत्राकडे होता?

"तू म्हनशील तसं, आई," तो शांतपणे म्हणाला. "बुधवारी सकाळी मी स्वतः मिरजेला जातो. तान्या, तूच न्यायला ये. पण मंगळवार माजा. भावनेवर न्हाई बोलत, हिसाबावर बोलतो. हृदय खराब असतं तर गेल्या साली घाट कसा चढलो असतो? विशीची पोरं माज्या मागं हुती. एक जन फुडं गेला न्हाई. हाय का न्हाई, अमृत? तू हुतास. सांग ह्यांना."

सगळे दाराकडे पाहू लागले.

अमृतने खाली पाहिले. होय म्हणणे सोपे होते. आजवर तो होयच म्हणत आला होता. काकाच्या हातात किल्ली होती, आई भिंतीला धरून उभी होती, आणि वडील त्याच्याकडे इतक्या विश्वासाने पाहत होते की त्याला ते सोसेना.

"आप्पा," तो म्हणाला, "उस्तादांच्या पुढं कोणी पळत नाही."

"म्हंजे?"

"नियम आहे तो. तुम्ही केला नाही, पोरांनीच धरलाय. नवीन पोरगा आला की जुनी पोरं पहिल्या दिवशी त्याला सांगतात. किती दम असला तरी उस्तादांच्या मागं राहायचं. चांगलं दिसत नाही म्हणून."

"बरं मग? मान ठेवत्यात. पळत्यात तर मागं."

"पळत नव्हते." अमृत एका दमात बोलत गेला. थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही, हे त्याला कळत होते. "गेल्या साली पहिल्या वळणानंतर तुमचा वेग कमी झाला. मग फार कमी झाला. एवढ्या हळू मागच्या पोरांना पळताच येईना, आप्पा. तुम्ही पळत होता आणि पोरं तुमच्या मागं चालत होती. मीसुद्धा. वरपर्यंत चालतच आलो आम्ही."

शालूने डोळे मिटून घेतले.

बिरदेव मुलाकडे पाहत राहिला. त्याला राग येईल असे सगळ्यांना वाटले, त्यालाही वाटले; तो त्याची वाट पाहत होता. पण रागाऐवजी त्याला घाटातला तो आवाज ऐकू आला. मागे साठ बूट होते आणि त्यांचा ताल चुकीचा होता. धावणाऱ्या तुकडीचा आवाज त्याने तीस वर्षे ऐकला होता. झोपेतही त्याने तो ओळखला असता. त्या दिवशी तो आवाज धावण्याचा नव्हता. त्याने तो ऐकला होता. वर पोचल्यावर त्याने पोरांना रांगेत उभे करून झापले होते, की या सालची बॅच ढिली आहे, पाय उचलत नाही. पोरांनी मान खाली घालून ऐकून घेतले होते. एकाही पोराला धाप लागलेली नव्हती.

"एकानं बी सांगितलं न्हाई," तो म्हणाला.

"कसं सांगणार, आप्पा?"

"तू?"

अमृत दार सोडून आत आला आणि आईशेजारी उभा राहिला. बिरदेवाने उजव्या हाताने गुडघा चोळला, मग हात तसाच गुडघ्यावर राहू दिला.

तानाजीने किल्ली पुन्हा खिशात घातली आणि दिवाणावर सरकून भावासाठी जागा केली. "दादा, ये हितं बस," तो म्हणाला. "खुर्ची प्लास्टिकची हाय." बिरदेव उठला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. दोघांच्या वजनाने दिवाण पुन्हा करकरला, पण या वेळी कोणी हसले नाही.

प्रांजलने आजीचा हात सोडला. ती त्याच्यासमोर खाली फरशीवर येऊन बसली. वॉर्डात रोग्याच्या पलंगाशी बसत असे तशी.

"आप्पा, सरांना फोन करायचाय. काय होतंय ते मला तुमच्या तोंडून ऐकायला हवं. यंत्राचं राहू दे."

बिरदेवाने एकदा आईकडे पाहिले, एकदा शालूकडे.

"मला चढ चढवत न्हाई," तो म्हणाला. "लय दिवस झालं."